‘फॉरमॅट मारा’ हा इलाज नव्हे!

मालेगावातील एका मध्यम यंत्रमागधारकाची ही हकीगत आहे. शाबान महिन्याच्या अखेरीस त्यांच्या कचेरीतील संगणकाची जुनी हार्ड डिस्क कटकट आवाज करू लागली. रमजान तोंडावर आलेला, ईदच्या मालाची घाई सुरू. सेठ सावध माणूस. त्यांनी लगेच एका दुरुस्तीवाल्याला बोलावून संपूर्ण यंत्रणेची नक्कल, म्हणजे ज्याला ‘सिस्टीम इमेज’ म्हणतात ती, बाहेरच्या डिस्कवर काढून घेतली. बाजारातून नवी एनव्हीएमई जातीची एसएसडी आणली. नक्कल तिच्यावर उतरवली गेली. पडद्यावर ‘काम यशस्वी झाले’ असा संदेशही आला. पण संगणक चालू करताच काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली, तिचा अर्थ असा की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

दुरुस्तीवाल्याने दोनदा नक्कल उतरवून पाहिली. दोन्ही वेळा तेच. मग त्याने निकाल दिला, “सेठ, इमेज खराब आहे. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो. हिशेब पुन्हा भरून घ्या.”

हिशेब पुन्हा भरून घ्या! कोणाकडून भरून घ्यायचा? सुताच्या व्यापाऱ्याचे देणे किती, कापड उचलणाऱ्याकडून येणे किती, कोणत्या कारागिराने किती पेशगी उचलली आहे, हे सर्व त्याच संगणकात होते. आठवड्याची मजुरी वाटायची वेळ आली तेव्हा सेठनी एकेका कारागिराला बोलावून विचारले, “भाई, तुझी पेशगी किती राहिली?” ज्याने जे सांगितले ते कागदावर लिहून घेतले. मालकाने आपल्या वहीत काय आहे ते कामगाराला विचारावे, यापेक्षा वेगळी नामुष्की ती कोणती?

चौथ्या दिवशी सेठच्या नात्यातला एक तरुण आला. आयटीआयमध्ये शिकलेला, मोबाईल व संगणक दुरुस्तीचे काम करणारा. त्याने अर्धा तास नुसते पाहिले. मग म्हणाला, “मामू, इमेजच्या डिस्कला हात लावू देऊ नका. माल सगळा आत आहे, दार तेवढे बसवायचे राहिले आहे.” दोन-अडीच तासांत संगणक जसाच्या तसा सुरू झाला. एक रुपयाचीही नोंद गेली नव्हती.

ही हकीगत आम्ही सांगत आहोत ती त्या दुरुस्तीवाल्याची निंदा करण्यासाठी नव्हे. असे प्रसंग गावोगावी घडत आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच्या आगेमागे आपल्या दुकानांतून आणि कारखान्यांतून जुन्या डिस्क बदलण्याचे, नवी यंत्रे घेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आहे. अशा वेळी नक्कल उतरवल्यावर संगणक उठला नाही म्हणजे नक्कल मेली, असे समजून वर्षांचा हिशेब पुसला जात असेल, तर ते अज्ञानाने होणारे नुकसान आहे आणि ते टाळता येण्याजोगे आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, संगणक सुरू न होणे आणि हिशेब नाहीसा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दुखण्यावर दुसऱ्याची शिक्षा कोणी देऊ नये आणि आपण ती घेऊ नये.

नक्कल पूर्ण, तरी संगणक का उठत नाही?

समजा एखाद्याने आपले दुकान एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत हलवले. कपाटे तीच, माल तोच, वह्याही त्याच. पण हमालाच्या हातात पत्ता जुन्या गल्लीचा आहे, नव्या दाराचे कुलूप वेगळ्या जातीचे आहे आणि किल्ली जुन्याच कुलपाची आहे. दुकान उघडणार नाही. म्हणून कोणी माल जाळून टाकतो काय?

संगणकाचेही असेच आहे. कळ दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत तीन टप्पे असतात. पहिला टप्पा मदरबोर्डवरील मूळ प्रणालीचा. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत, नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआयने घेतली आहे. लोक सवयीने दोघांनाही बायोसच म्हणतात. दुसरा टप्पा डिस्कवरील एका लहानशा भागाचा, ज्यात विंडोज कुठे आहे याचा पत्ता लिहिलेला असतो. तिसरा टप्पा खुद्द विंडोजचा, ज्यात ते आपल्या डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर चालू करते. नक्कल नव्या जातीच्या डिस्कवर गेली की या तिन्हींपैकी कुठे तरी सांधा निखळतो.

पहिला सांधा डिस्कच्या मांडणीचा. बायोसच्या काळातील डिस्क एमबीआर पद्धतीने मांडलेल्या असत. यूईएफआयची पद्धत जीपीटी. एमबीआर पद्धत २ टीबीच्या पुढील जागा वापरू शकत नाही, जीपीटीला ती अडचण नाही. जुनी डिस्क एमबीआरची असेल आणि नवे यंत्र केवळ यूईएफआयने सुरू होत असेल, तर नक्कल कितीही अचूक असो, यंत्र तिच्याकडे पाहणारच नाही. एनव्हीएमई डिस्कवरून तर बहुतेक यंत्रे यूईएफआय पद्धतीनेच सुरू होतात. मालेगावच्या कचेरीत पहिली चूक हीच होती. जुनी मांडणी जशीच्या तशी नव्या जातीच्या डिस्कवर लादली होती.

दुसरा सांधा पत्त्याचा. विंडोजच्या संगणकात ‘सी’ भाग दिसतो, पण त्याच्या आधी एक लहान भाग असतो, ज्याला एरवी अक्षर नसते आणि म्हणून तो कोणाच्या नजरेस पडत नाही. यूईएफआय यंत्रात हा ईएफआय भाग असतो. तो फॅट-३२ पद्धतीचा आणि साधारण १०० एमबी किंवा थोडा अधिक असतो. जुन्या एमबीआर यंत्रात त्याच्या जागी ‘सिस्टीम रिझर्व्हड्’ नावाचा भाग असे. घाईत केवळ ‘सी’ची नक्कल काढली किंवा केवळ ‘सी’ उतरवला, तर हा भाग मागेच राहतो. माल आला, दार आले नाही, ते हेच.

तिसरा सांधा ड्रायव्हरचा. विंडोज लवकर सुरू व्हावे म्हणून ज्या जातीची डिस्क यंत्रात नाही तिचा ड्रायव्हर सुरुवातीच्या यादीतून वगळलेला असतो. वर्षानुवर्षे साटा डिस्कवर चाललेले विंडोज एनव्हीएमईवर नेले की ते अर्ध्यावर येऊन थांबते. आपण ज्या डिस्कवर उभे आहोत तिच्याशीच बोलता येत नाही, अशी त्याची गत होते. मग निळा पडदा येतो, त्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहिलेले असते. जुने कारागीर याला ‘सेव्हन-बी’चा दोष म्हणून ओळखतात.

पडदा काय सांगतो ते वाचा

हकीम नाडी पाहिल्याशिवाय दवा देत नाही. संगणकाची नाडी म्हणजे त्याचा पडदा. आमची दुकानदार बांधवांना विनंती आहे की, असा प्रसंग आल्यास आधी मोबाईलवर पडद्याचे छायाचित्र घ्यावे. त्यावरून दोष कुठल्या टप्प्यात आहे हे जाणकाराला चटकन कळते.

संगणक थेट बायोसच्या निळ्या-करड्या पानावर जात असेल, किंवा बूट डिव्हाइस नाही असे म्हणत असेल, तर दोष पहिल्या टप्प्यात आहे. डिस्क बायोसच्या यादीत दिसते काय, मांडणी एमबीआर की जीपीटी, यंत्र लेगसी पद्धतीवर आहे की यूईएफआयवर, हे पाहावे. निळ्या पानावर दुरुस्तीचा सल्ला आणि अखेरीस ‘०००ई’ किंवा ‘०२२५’ असा कोड येत असेल, तर दार सापडले आहे पण आतला पत्ता चुकीचा आहे. हा दुसऱ्या टप्प्याचा दोष. विंडोजचे चिन्ह येऊन गोल फिरू लागले आणि मग निळा पडदा आला, तर दोष बहुधा तिसऱ्या टप्प्यात, ड्रायव्हरचा आहे. आणि पडद्याने ४८ अंकी किल्ली मागितली तर तो दोषच नव्हे, ते बिटलॉकरचे कुलूप आहे. त्याविषयी पुढे सांगू.

इलाजाचा क्रम

सर्वप्रथम यंत्र बंद करून जुनी डिस्क आणि नकलेची डिस्क काढून बाजूला ठेवावी. हा नियम मोडू नये. याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे नकलेत डिस्कची ओळखखूणही नकलून आलेली असते. एकाच ओळखीच्या दोन डिस्क एकत्र लागल्या की विंडोज त्यांतील एक बंद ठेवते, किंवा संगणक जुन्याच डिस्कवरून सुरू होतो आणि आपण नवी चालू झाली असे समजून बसतो. दुसरे म्हणजे दुरुस्तीच्या वेळी डिस्क साफ करण्याची आज्ञा चुकून दुसऱ्याच डिस्कवर चालली, तर मग खरोखरच काही उरत नाही. जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जाऊ शकत नाही.

दुसरी पायरी बायोस पाहण्याची. साटाची पद्धत पूर्वी कोणती होती, एएचसीआय, आयडीई की रेड? ती बदलली असेल तर पूर्ववत करावी. पुष्कळदा मदरबोर्डवरील तीन व्होल्टचा बटण सेल संपलेला असतो. त्यामुळे सर्व निवडी मूळ अवस्थेत जातात आणि डिस्क न बदलताही हाच निळा पडदा येतो. दहा-वीस रुपयांच्या सेलसाठी हजारोंचा हिशेब पुसला गेला तर काय म्हणावे? इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘व्हीएमडी’ नावाची सोय चालू असते. तिचा ड्रायव्हर नसल्यास विंडोजला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. रेड वापरात नसेल तर ती सोय बंद करता येते, नाहीतर तिचा ड्रायव्हर द्यावा लागतो.

तिसरी पायरी दार बसवण्याची. यासाठी विंडोज १० किंवा ११ चा इन्स्टॉल करण्याचा पेनड्राइव्ह लागतो. त्यावरून यंत्र सुरू करून ‘रिपेअर’ निवडायचे, ‘इन्स्टॉल’ नव्हे. पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू झालेला असावा. आत आज्ञा देण्याची काळी खिडकी मिळते. ईएफआय भाग नसेल तर ‘डिस्कपार्ट’ने तो करून घ्यावा, त्याला तात्पुरते अक्षर द्यावे आणि ‘बीसीडीबूट’ या आज्ञेला दोन गोष्टी सांगाव्यात, विंडोज कोणत्या भागात आहे आणि ईएफआय भागाचे अक्षर कोणते. ती आज्ञा सुरुवातीच्या सर्व फायली आणि पत्ता नव्याने लिहून देते. येथे एक फसगत होते. या खिडकीत ‘सी’ हे अक्षर विंडोजच्या भागाला मिळालेले असेलच असे नाही. म्हणून आधी प्रत्येक अक्षरात डोकावून विंडोजचा फोल्डर कुठे आहे ते पाहून घ्यावे. आणखी एक, एमबीआरच्या जमान्यातील बूट सेक्टर दुरुस्तीच्या आज्ञा यूईएफआय यंत्रावर या दुखण्याला उपयोगी पडत नाहीत. त्या फसल्या म्हणून ‘काहीच होत नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

मालेगावच्या त्या तरुणाने काय केले? त्याने नवी एसएसडी पुसली, कारण तिच्यावर नुसती प्रत होती आणि मूळ नक्कल बाहेरच्या डिस्कवर सुरक्षित होती. एसएसडीची जीपीटी मांडणी केली, ईएफआय भाग तयार केला, उरलेल्या जागेत नकलेतील ‘सी’ पुन्हा उतरवला, नकलेची डिस्क काढून ठेवली आणि ‘बीसीडीबूट’ चालवले. काळा पडदा गेला. विंडोजचे चिन्ह आले आणि मग निळा पडदा आला. सेठच्या चेहऱ्याचा रंग उडाला, पण तो तरुण हसला. कारण दोष पहिल्या टप्प्यातून तिसऱ्या टप्प्यात आला होता. ही प्रगती होती.

चौथी पायरी ड्रायव्हरची. त्याने विंडोजला एकदा ‘सेफ मोड’मध्ये सुरू होण्याची आज्ञा दिली. सेफ मोडमध्ये विंडोज सोबतचे मूळ साठवण-ड्रायव्हर चालू करून पाहते. विंडोज १० मध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर जात्याच असतो, तो केवळ झोपलेला होता. तो जागा झाला, यंत्र सुरू झाले. मग सेफ मोडची खूण काढून टाकली आणि पुढच्या वेळी संगणक नेहमीसारखा उठला. जिथे ड्रायव्हर मुळातच नसतो तिथे ‘डिस्म’ या साधनाने तो बाहेरून आत घालता येतो. नवे विंडोज टाकण्याची गरज तेव्हाही पडत नाही.

काही ठिकाणी मात्र थांबावे

प्रत्येक दुखणे आज्ञेने बरे होते असे नाही. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कची नक्कल ४८० जीबीच्या एसएसडीवर उतरवू पाहणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आत भरलेला माल साठ जीबीच असला तरी विंडोजचे स्वतःचे इमेज-साधन मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्क स्वीकारत नाही. एकतर मोठी डिस्क घ्यावी, नाहीतर जुन्या डिस्कवरील भाग आधी आवळून मग भाग लहान करू शकणाऱ्या साधनाने नक्कल काढावी.

एसएसडी विकत घेताना खाच पाहून घ्यावी. एम-डॉट-टू आकाराची पट्टी साटा जातीचीही असते आणि एनव्हीएमई जातीचीही. दिसायला दोन्ही बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. जुनी यंत्रे एनव्हीएमईवरून सुरूच होत नाहीत. विंडोज ७ मध्ये तर एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नव्हता, मायक्रोसॉफ्टने तो नंतर वेगळा दिला. आपल्या छापखान्यांतून आणि भरतकामाच्या कारखान्यांतून जुनी अक्षरजुळणीची व डिझाईनची सॉफ्टवेअर, ज्यांना मागे कुलपाचा डोंगल लावावा लागतो, ती अजून अशा जुन्या यंत्रांवर चालत असतात. त्यांच्या सीडी हरवलेल्या असतात, म्हणूनच तर नक्कल काढायची पाळी येते. अशा यंत्रासाठी साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. वेग थोडा कमी मिळेल, पण जुना सांधा न मोडता काम होईल. मात्र विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे. ते यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवावे.

बिटलॉकरचा प्रकार वेगळा आहे. आजच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद होऊनच येते आणि मालकाला ते ठाऊकही नसते. मदरबोर्ड किंवा बायोसच्या निवडी बदलल्या की यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ती बहुधा लॅपटॉप प्रथम चालू करताना दिलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती किल्ली नसेल तर जगातील कोणताही कारागीर ते कुलूप उघडू शकत नाही. म्हणून डिस्क बदलण्यापूर्वी किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवानाही यंत्र बदलल्यावर पुन्हा चालू करून घ्यावा लागण्याचा संभव असतो. त्याचा क्रमांक आणि ज्या ईमेलवर तो घेतला तो पत्ता जपून ठेवावा.

दोष एकट्या दुरुस्तीवाल्याचा नव्हे

आता थोडे आपल्याविषयी. ‘फॉरमॅट मारा’ ही सवय लागली कशी? त्याचे उत्तर कटू आहे. विंडोज टाकण्याचे ठरलेले पैसे आपण मुकाट्याने देतो. पण एखादा कारागीर दोन तास बसून दोष शोधतो, एक आज्ञा देऊन तो दूर करतो, तेव्हा आपण म्हणतो, “एवढे बटण दाबायचे एवढे पैसे?” सफाईदार तागा विणणाऱ्याला किंवा जरीची नाजूक नक्षी काढणाऱ्याला कोणी असे म्हटले तर त्याला काय वाटेल? हाताच्या कसबाची किंमत आपल्या समाजाला कोणी शिकवायची गरज नाही. डोक्याच्या कसबालाही तोच न्याय लावला पाहिजे. विचार करण्याचे पैसे द्यायचे नसतील, तर पुसून टाकणाराच आपल्या वाट्याला येणार.

दुरुस्तीवाल्या बांधवांनाही आमचे सांगणे आहे. तुमच्या बाकावर येते ती नुसती डिस्क नसते. ती कोणाची तरी अमानत असते. तिच्यात कोणाचे देणे, कोणाची मजुरी, कोणाच्या घरची छायाचित्रे असतात. न विचारता ती पुसणे, किंवा उगीच तिच्यात डोकावणे, दोन्ही खियानत आहे. जे कळत नाही ते “मला कळत नाही” असे सांगण्यात कमीपणा नाही. पुसण्यापूर्वी ग्राहकाकडून एका ओळीत लिहून घ्यावे. आपल्या मुलांसाठी हा एक चांगला धंदाही आहे. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा अभ्यासक्रम आहे. विंडोज टाकणारे गल्लोगल्ली आहेत, दोष वाचणारे थोडे आहेत. जो वाचायला शिकेल त्याला इन्शाअल्लाह कामाची कमतरता पडणार नाही.

लिहिणे आहे, साक्षीदार कुठे आहे?

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकरामधील २८२ वी, उधारीच्या व्यवहाराविषयी आहे, हे आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. व्यवहार लिहून ठेवावा असा त्यात आदेश आहे. पण ती आयत तेवढ्यावर थांबत नाही. लिहिल्यावर साक्षीदारही ठेवण्यास ती सांगते. नुसत्या लिहिण्यावर विसंबू नये, ही त्यामागची दूरदृष्टी आजच्या व्यापाऱ्याने ध्यानात घेण्यासारखी आहे.

आपण नक्कल काढतो, डिस्क कपाटात टाकतो आणि निश्चिंत होतो. ती नक्कल खरोखर उठते काय, हे कोणी पाहत नाही. अशी नक्कल म्हणजे साक्षीदाराविना लिहिलेला करार. तिची साक्ष एकाच प्रकारे काढता येते. वर्षातून एकदा तरी ती दुसऱ्या, मोकळ्या डिस्कवर उतरवून संगणक सुरू करून पाहणे. दुकान बंद असेल त्या दिवशी दोन तास द्यावेत. सुरू झाला तर नक्कल खरी. नाही झाला तर दोष शोधायला निवांत वेळ आहे, कारण जुनी डिस्क अजून जिवंत आहे. मालेगावच्या सेठनी हीच परीक्षा जुन्या डिस्कची कटकट सुरू होण्याआधी घेतली असती, तर रमजानपूर्वीचे चार दिवस वाया गेले नसते.

दुसरे, संपूर्ण यंत्रणेच्या नकलेबरोबर हिशेबाच्या फायलींची वेगळी प्रत रोज काढावी. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची स्वतंत्र सोय असते. यंत्रणा सुरू झाली नाही तरी ही प्रत दुसऱ्या कोणत्याही संगणकावर त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते आणि त्या दिवशीची मजुरी वाटता येते. बहुतेक इमेज-साधनांत नक्कल न उतरवताही तिच्यातील फायली बाहेर काढता येतात. मालेगावात हे कोणाला सुचले असते तर पहिल्याच दिवशी हिशेब हाती आला असता. एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवावी. आगीला आणि चोराला नकलेची पर्वा नसते.

ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो. ‘फॉरमॅट मारला’ हे उत्तर तिथे चालत नाही. आणि त्याहून मोठ्या हिशेबात तर मुळीच चालणार नाही. रमजानमध्ये जकात काढायची तर मालाची किंमत, रोकड, येणे आणि देणे यांची नोंद हाताशी हवी. देणे विसरले म्हणून माफ होत नाही.

मालेगावच्या कचेरीतील संगणक सुरू झाल्यावर सेठनी पहिले काम काय केले? त्यांनी कारागिरांनी तोंडी सांगितलेल्या पेशगीचा कागद काढला आणि पडद्यावरील नोंदींशी ताडून पाहिला. सर्वांचे आकडे जुळले, एक सोडून. एका वयस्क कारागिराने आपली पेशगी दोनशे रुपये जास्त सांगितली होती. देऊन टाकलेला एक हप्ता तो विसरला होता आणि त्याच्या मजुरीतून तेवढे पैसे कापले गेले होते. सेठनी त्याला बोलावून दोनशे रुपये हातावर ठेवले.

नवे विंडोज टाकले गेले असते तर हे दोनशे रुपये कोणाच्याही लक्षात आले नसते. मालकाच्या नाही, कामगाराच्याही नाही. वही जपायची ती एवढ्यासाठी. दुबळ्याचा हक्क बहुतेक वेळा त्याच्या आठवणीत नव्हे, दुसऱ्याच्या वहीत सुरक्षित असतो. ती वही आज एका बोटभर लांबीच्या पट्टीवर मावते, म्हणून तिचे वजन कमी झालेले नाही.

अल्लाह आपल्या व्यवहारात सचोटी आणि बरकत देवो. आणि या आठवड्यात एक सुटीचा दिवस काढून, कपाटातील ती नकलेची डिस्क एकदा खरोखर उठते काय, ते पाहून घ्यावे.